आजोबांचं मेडिकेअर

“दात फुकट, चष्मा फुकट, वर जिमसुद्धा फुकट! आता काय डॉक्टरने पालखी पाठवायला हवीय का?” बाबाने लॅपटॉप फिरवून आजोबांच्या नाकासमोर धरला.

“माझे दात अजून माझेच आहेत,” आजोबा म्हणाले. “आणि जिममध्ये जाऊन मी काय करू? टॉवेल वाळत घालू?”

रेणू फिसकन हसली. बाबाला हसू आलं नाही.

त्र्यंबक आजोबा नुकतेच रिटायर झाले होते. न्यू जर्सीतल्या एका रंगांच्या कंपनीत, लॅबमध्ये, त्यांनी तीस वर्षं काढली. तोवर इन्शुरन्स कंपनीचा. आता मेडिकेअर, म्हणजे म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा, घ्यायचं, आणि तिथे दोन वाटा फुटत होत्या. एक सरळ सरकारी: उरलेल्या खर्चासाठी जोड-पॉलिसी घ्या आणि तिचा हप्ता दर महिन्याला भरा. दुसरी खासगी कंपनीच्या प्लॅनची: त्याला वेगळा हप्ता नाही, वर दातबीत सगळं, पण डॉक्टर कंपनीच्या यादीतलेच.

आजोबांचं काही केल्या ठरेना. घरात वाद रंगला की ते एकच वाक्य टाकायचे, “जाऊ दे, मी आपला पुण्याला जातो.”

ते वाक्य ऐकलं की रेणू धास्तावायची. कारण आजोबा बोलतात ते करतात! कोथरूडचा फ्लॅट रिकामाच होता. आणि आजोबा गेले तर तिच्या शेजारी गाडीत कोण बसणार? ती ड्रायव्हिंग शिकत होती. बाबा बसला की किंचाळायचा, आई बसली की देवाचं नाव घ्यायची. आजोबा मात्र शांतपणे “हं, ब्रेक” म्हणायचे आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागायचे. असा माणूस पुण्याला पाठवून कसं चालेल?

तेव्हा रेणूने ठरवलं, हे आता आपणच निस्तरायचं. गेल्याच महिन्यात ती शाळेच्या डिबेटमध्ये पहिली आली होती. तेव्हापासून तिला समोर कुणी उभं राहिलं तरी वाद घालावासा वाटे. मेडिकेअरवर मिळेल ते तिने आठवडाभर वाचून काढलं होतं.

“ओके, बाबा, माय टर्न,” ती खुर्चीवरून उठली.

“झालं! आल्या वकीलबाई,” बाबा म्हणाला.

सोफ्यावर प्रतिमाआजी मटार सोलत बसल्या होत्या. त्यांची मुलगी दोन गल्ल्या सोडून राहायची आणि मुलगा, शार्दूल, अ‍ॅरिझोनात चँडलरला. उन्हाळा लेकीकडे, हिवाळा लेकाकडे, असा त्यांचा संसार विमानातच चालला होता. आजोबांशी त्यांची ओळख संध्याकाळच्या फिरण्यातली, आणि त्या दोघांचं एका गोष्टीवर पटेल तर शपथ.

“खासगी प्लॅनचे डॉक्टर कुठले? इथलेच,” रेणू म्हणाली. “दुसऱ्या राज्यात गेल्यावर काय?”

“दुसऱ्या राज्यात?” बाबा हसत सुटला. “अगं, आजी गेल्यापासून हा माणूस ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांच्या पुढे गेलेला नाही! आणि इमर्जन्सी झालीच, तर तो प्लॅनही चालतो.”

“इमर्जन्सी ठीक आहे. पण गुडघ्याच्या रेग्युलर डॉक्टरचं काय? एक्झॅम्पल घे, प्रतिमाआजी. सहा महिने इथे, सहा महिने चँडलरला...”

“मला कशाला ओढतेस गं त्यात?” प्रतिमाआजींच्या हातातली शेंग खाली पडली.

“बोलू द्या हो तिला, प्रतिमाबाई,” आजोबा म्हणाले. “बरं, सरकारी घेतलं, तर चँडलरला चालेल?”

“चँडलर, शिकागो, अलास्का! मेडिकेअर घेणारा कुठलाही डॉक्टर!”

“पण चँडलरला जायचं कुणी? माणूस पापडासारखा भाजून निघतो म्हणे तिथे.”

“हिवाळ्यात नाही हो, त्र्यंबकराव,” प्रतिमाआजी म्हणाल्या. “तुम्ही बसा इथे फावड्याने बर्फ उपसत!”

“बघा, ह्या अशा बोलतात,” आजोबांनी आईकडे तक्रार केली. आई चहा गाळता गाळता नुसतीच हसली.

रेणूने मग ठेवणीतलं अस्त्र काढलं. “आणि बाबा, जोड-पॉलिसी आत्ता, पहिल्यांदा घेतली, तर ते तब्येत विचारत नाहीत. आज खासगी घेतलं आणि चार वर्षांनी परत यायचं म्हटलं, तर विचारू शकतात. तेव्हा आजोबांचे गुडघे काय उत्तर देतील?”

बाबाने सावकाश लॅपटॉप मिटला.

“हरलो बाई. पण दर महिन्याचा हप्ता?”

“तो मी भरीन,” आजोबा म्हणाले. “माझी पेन्शन काय लोणच्यात घालायची आहे? सरकारीच घ्यायचं. ठरलं.”

“येस!” रेणूने टुणकन उडी मारून त्यांच्या गळ्यात हात टाकले. “म्हणजे पुणे कॅन्सल?”

“पुणे कॅन्सल.”

“कायमचं? प्रॉमिस?”

“कायमचं. प्रॉमिस. तू नसतीस ना, तर माझं काही ठरलंच नसतं बघ.”

रेणूला आभाळ ठेंगणं झालं. डिबेटचा कप एकीकडे आणि हे एकीकडे! तिने बाबाला अंगठा दाखवून चिडवलं, आईला टाळी दिली, आणि गरम चहाचा कप स्वतः आजोबांसमोर नेऊन ठेवला.

आजोबांनी तो उचलला, सोफ्यावर प्रतिमाआजींच्या शेजारी जाऊन बसले आणि आधी त्यांच्या हातात दिला.

“प्रतिमा, लाव आता शार्दूलला फोन,” ते म्हणाले. “सांग त्याला, आई लग्न करून येतेय. दोघांसाठी तिकडेच घर बघ म्हणावं.”