दुपारी अडीचचं रीडिंग

"बॅटऱ्या गेल्या," मिस्त्रीकाका म्हणाले. आत कोणी आहे का बघायला दार वाजवावं, तसे त्यांनी पान्याने चारही बॅटऱ्यांवर टकटक करून बघितलं. "नवीन मागवतो. आठ दिवसांत येतील."

"आणि माझी अंडी काय आठ दिवस थांबणार आहेत?" मावशीने विचारलं.

अंडी थांबणार नव्हती. उबवणीच्या पेटीत ऐंशी अंडी होती आणि आज अठरावा दिवस होता. एकविसाव्याला पिल्लं बाहेर यायची. विजेची तार या घरापर्यंत कधी पोचलीच नव्हती. जे काय होतं ते मिस्त्रीकाकांनीच गच्चीवर बसवलेल्या चार सोलर पॅनेलच्या जिवावर. चार दिवसांपासून इन्व्हर्टर पहाटेच कुंई कुंई करून मान टाकत होता, आणि मावशी पेटीत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून अंड्यांची मनधरणी करत होती. पहिली खेप तिच्या नवखेपणात गेली होती. हीही गेली तर पेटी देऊन टाकायची आणि परत कारखान्यात खोकी चिकटवायला जायचं, असं ती सांगून बसली होती. मावशीने एकदा सांगितलं की झालं, ब्रह्मदेव आला तरी बदल नाही.

भाचीला मात्र बॅटऱ्या गेल्याचं पटत नव्हतं. ती नववीत होती. महिन्याभरापूर्वीपर्यंत साध्या फ्यूजलाही ती हात लावत नव्हती. मग मिस्त्रीकाकांनीच तिला मीटर धरायला शिकवलं, आणि तेव्हापासून घरातली एकही तार तिच्या तावडीतून सुटली नव्हती. "चार पॅनेल म्हणजे हातात हात धरून चालणारी चार माणसं," त्यांनी सांगितलं होतं. "एक जरी सावलीत बसला, तर बाकीच्यांचे पाय अडकलेच." म्हणून तर त्यांनी शेजारच्या झाडाची फांदी छाटली होती. मावशीची कपड्यांची दोरी गच्चीवरून हाकलली होती. तिथे आता टॉवेलसुद्धा वाळायची हिंमत करत नव्हता.

भाचीने वहीचं मागचं पान काकांच्या नाकासमोर धरलं. "सकाळी तुम्ही घेतलेलं रीडिंग, चौदा अँपिअर. दुपारी बाराचं मावशीने घेतलेलं, वीस. अडीचचं, शाळेतून आल्यावर मी घेतलेलं, सहा. चारही दिवस हेच. तुम्ही रोज सकाळी येता, काका. आज अडीचला या."

"अडीचला मी झोपतो."

"म्हणून तर म्हणतेय."

मावशी हसू लपवायला पेटीकडे वळली.

काका आले. डोळे तांबारलेले, केस एका बाजूने उशीने दाबलेले, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. गच्चीवर पोचल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे आधी आपला बोर्ड पुसला. मावशीचं घर वळणावर, त्यातून उंचावर. रस्त्याने येणाऱ्याजाणाऱ्याला आधी तिची गच्ची दिसायची. म्हणून काकांनी गेल्याच आठवड्यात आपल्या धंद्याचा नवाकोरा बोर्ड खास तिच्या कठड्यावर लावला होता. बोर्डही साधासुधा नाही. पत्र्यातून कापून सळ्यांवर जोडलेली, वीतभर उंच, दोन ओळींत बसवलेली अक्षरं. त्यातल्या वेलांट्यासुद्धा त्यांनी स्वतः घासून गुळगुळीत केल्या होत्या. सख्ख्या लेकराचं नाक पुसावं तसा एकेका अक्षरावरून त्यांनी रुमाल फिरवला.

भाचीने मीटरचा चिमटा तारेला लावला. "सहा."

"मीटर बिघडलाय."

"मीटर तुमचाच आहे."

"मग तू वाकडा धरला असशील."

"धरायला तुम्हीच शिकवलंत."

झोपमोड झालेल्या माणसाशी इतकं बरोबर बोलू नये. मिस्त्रीकाका तडक मावशीकडे वळले. "बावीस वर्षं हेच काम करतोय मी. आणि आता ही टिकली मला शिकवणार. ठीक आहे. बोलवा दुसऱ्या कोणाला. पण ज्या घराचा माझ्यावर भरवसा नाही, त्या घरावर माझा बोर्डही नाही."

मावशी "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यांनी चार बोल्ट सोडवले, बोर्ड उचलला आणि रुसलेल्या जावयाने ताट सारावं तसा तो खाली आडवा ठेवला.

"सोळा," भाची म्हणाली.

"काय सोळा?"

"अँपिअर. बॅटऱ्या भरतायत."

काकांनी मीटर तिच्या हातातून ओढून घेतला, झटकला, पुन्हा लावला. सोळाच.

"म्हणजे आजची रात्र निघेल?" मावशीने विचारलं. तिचा आवाज अंड्याच्या आतून आल्यासारखा बारीक झाला होता.

"आजचीच काय, रोज असं चाललं तर पिल्लं चालायला लागेपर्यंत निघेल." काका रुसायचं विसरून गेले होते. "पण मी केलं काय?"

भाची कठड्यावरच्या बोल्टच्या रिकाम्या भोकांकडे बघत होती. मग तिने वळून सूर्य कुठे आहे ते बघितलं. मग मीटर परत घेतला.

"काका, तो बोर्ड होता तिथे जरा उभा धरा. आणि मीटरकडे नका बघू. पॅनेलकडे बघा."

त्यांनी बोर्ड धरला आणि मान वळवली. आकडा घरंगळत पुन्हा सहावर आला, पण तो कोणीच बघितला नाही. मागून येणाऱ्या उतरत्या उन्हात, निळ्या चकचकीत पॅनेलवर, एकही वेलांटी न चुकता, वळणदार काळ्या अक्षरांत उमटलं होतं: 'चोवीस तास उजेड. हमी आमची.'