उघड्या पाठीवर व्याख्यान

तिसाव्या स्लाइडवर राजकुमारची नजर पुन्हा मागच्या भिंतीकडे गेली. आई तिथेच होती. भिंतीला पाठ लावून, हलायचं नाव नाही. त्याला हायसं वाटलं.

दारव्ह्याच्या कॉलेजात आज त्याचा सत्कार होता. ‘चित्रकलेतील पोहण्याचे पोशाख’ या विषयात तो डॉक्टर झाला होता. तांड्यावर मात्र त्याने विषय ‘जुने कपडे’ असा सांगितला होता. एवढा तो धीट.

आणि त्याची आई रुपीबाई आली ती फेट्या-कांचळीत, बंजारा बायकांच्या घागरा-चोळीत. लग्नापासून तिने दुसरं काही अंगावर घातलं नव्हतं. कांचळीला मागे कापड नाही, नुसत्या नाड्या. वरची ओढणी जरा हललं की घसरायची. चार प्राध्यापकांनी ती पाठ पाहिली तर काय म्हणतील? राजकुमारने तिला मागच्या खुर्चीत बसवलं. आपण आज कशावर बोलणार आहोत हे आठवून त्याला स्वतःचंच हसू आलं. खुर्ची मात्र त्याने बदलली नाही.

व्याख्यान रंगलं. सतराशे वर्षांपूर्वीच्या रोमन फरशीवरच्या चित्रातल्या, दोन पट्ट्या नेसून व्यायाम करणाऱ्या मुली झाल्या. घोट्यापर्यंत झगे घालून समुद्रात उतरलेल्या मडमा झाल्या.

“पोहण्याच्या पोशाखात बाईची पाठ मोकळी व्हायला युरोपात विसावं शतक उजाडावं लागलं,” तो म्हणाला. “शरीराची लाज हा समाजाचा आजार आहे.”

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात रुपीबाई वाजवत होती.

मग प्राचार्या उज्ज्वलाताईंनी माइकवरून आईंना मंचावर बोलावलं.

“माहे गुडघे धरले बाई,” रुपीबाई बसल्या जागेवरून म्हणाली.

सकाळी जीप गाठायला ती तांड्यावरून तीन किलोमीटर चालत आली होती, त्याच्यापुढे दहा पावलं. आईने वाचवलं, असं त्याला वाटलं. तसं वाटल्याची शरमही वाटली, पण जरा उशिरा.

उज्ज्वलाताई माइक घेऊन स्वतःच खाली उतरल्या. त्यांनी रुपीबाईच्या खांद्यांवरून शाल पांघरली, हातात नारळ दिला. तशी रुपीबाई ताडकन उठली आणि भराभर मंचाकडे निघाली.

“अहो, आणि गुडघे?” असं म्हणत उज्ज्वलाताईंनी माइक तिच्यापुढे धरला.

“गुडघ्याले काही नाही झालं बाई,” रुपीबाईचा आवाज सभागृहभर घुमला. “पोट्टा म्हणे, तुही पाठ दिसली तं माही इज्जत जाइन. आता झाकली न.”