करमाडवरचा ढग
आपल्या हद्दीतल्या आभाळात परवानगीशिवाय काहीही हलत नाही, असं विमानवाहतूक नियंत्रण कंपनीचे साहेब छातीठोकपणे सांगत. करमाडवरचा ढग मात्र हलत होता. त्यात मीठ फवारून पाऊस पाडणारं विमान धावपट्टीच्या तोंडाशी घरघरत उभं होतं. टॉवरमधली तनुजा मूळची करमाडची. तिच्या आईच्या दारी टँकर नवव्या दिवशी यायचा. “मॅडम, सोडा की! ढग जालन्याकडं निघाला,” वैमानिक रेडिओवर कळवळला. “मंत्र्यांचं विमान उतरेपर्यंत धावपट्टी बंद आहे.” “ते कशाला येताहेत?” “दुष्काळ पाहायला.” मंत्री तासाभरानं उतरले, तोवर आभाळ लख्ख निळं झालं होतं. संध्याकाळी आईनं फोनवर विचारलं, “बये, तू वर बसून एवढाली इमानं अडवतीस, एक ढग अडवता येईना व्हय?” वर्षअखेर कंपनीच्या कामगिरी अहवालात एकूण विलंब शून्य निघाला. वेळापत्रकात नसलेली विमानं त्यात मोजत नाहीत.