अंगावर काटा आणणारी अळी

कपाशीच्या बियाण्याच्या वीस सेकंदांच्या जाहिरातीसाठी ॲनिमेटर मितालीने हाताने काढलेली बोंडअळी कृषी केंद्राच्या अवधूतरावांनी तिसऱ्यांदा झिडकारली. जाहिरातीच्या शेवटी त्यांचाच फोटो होता आणि खाली ओळ, "या बियाण्याला अळी शिवत नाही. माझ्या बाभुळगावच्या वावरातही हेच पेरलंय!"

"हे अळी हाय का शेवई? लेकरूही भेणार नाही हिले. थ्रीडीच्या सॉफ्टवेअरात कर, पाहणाऱ्याच्या अंगावर काटा आला पायजे!"

मितालीचं टाळकं सटकलं. "करते. पण थ्रीडीला चारही बाजूंनी फोटो लागतात. आधी जिवंत अळी दाखवा, मग तोंड चालवा."

"त्याच्यात काय?" अवधूतराव गुरकावले.



"बाभुळगावले माह्या वावरात जा, अन् कोणतंबी बोंड फोड."