बोलता येईल इतकंच

ऑफ-सीझनमध्ये सरांचा नियम एकच: बोलता येईल इतकंच धावायचं. वाक्य मध्येच तुटलं, म्हणजे वेग जास्त झाला. मागच्या उन्हाळ्यात गुड्डी आणि तृप्ती, दोघी आठशे मीटरवाल्या, कोंढ्याच्या तलावाच्या पाळीवर गप्पा मारतच आठ किलोमीटर धावायच्या. यंदा अठरा पूर्ण होताच घरच्यांनी तृप्तीचं लग्न उरकलं. जाताना ती धावायचे बूट गुड्डीला देऊन गेली. ते एक नंबर मोठे. पुढच्या टोकात लग्नाची पत्रिकाच दुमडून कोंबली, तेव्हा बसले. आज सर सायकलवर मागून येत होते. “गुड्डी, फास्ट पळून राहिली तू. बोल!” “कोणासंग बोलू, सर?” “माझ्यासंग बोल.” तिनं वेग कमी केला. “तुम्ही लग्नात जेवून आले. तिच्या बाबाले एका शब्दानं काहून नाही टोकलं?” तिचं वाक्य कुठेच तुटलं नाही. सायकलवर बसलेल्या सरांना मात्र बोलता येईना.