एका मताने गेलेली जागा

“एक मत! अख्ख्या मतदारसंघात फक्त एक मत!” कोरीनची सहायक नदीन हिने टेबलावर हात आपटला. “कोण तो करंटा, मला एकदा दाखवाच, मॅडम!”

कोरीन हॅवर्ली खिडकीकडे तोंड करून पांघरुणाची घडी घालत राहिली. खासदार झाल्यापासून ती ऑफिसातल्या या सोफ्यावरच झोपायची. वॉशिंग्टनमध्ये बरेच जण तसंच करतात. भाडं वाचतं, मतदारही खूश. बाकीचे संध्याकाळी एकमेकांकडे पत्ते कुटायला तरी जायचे. कोरीन फोनवरून आयोवातल्या वडिलांशी चेकर्स खेळायची. पट दोन, दोघांपाशी एकेक. आपली खेळी सांगायची आणि समोरच्याची सोंगटीही आपणच सरकवायची.

फेरमोजणी झाली आणि तिची जागा गेली. त्या एका जागेपायी पक्षाचं सभागृहातलं बहुमतही गेलं. समित्यांची अध्यक्षपदं गेली, मोठ्या खोल्या गेल्या, नदीनसारख्या कितीतरी जणांच्या नोकऱ्या गेल्या. सकाळपासून पक्षाचे लोक कोरीन दिसली की लिफ्ट सोडून जिना धरत होते.

“आता लाइलला फोन करायला हवा,” कोरीन म्हणाली. हरलेल्याने जिंकलेल्याचं अभिनंदन करायचं, हा रिवाजच.

“थांबा, नंबर शोधते.”

पण कोरीनने तो न बघताच फिरवला. “अभिनंदन, लाइल. फक्त सोफ्यावर झोपू नका हं, पाठीचं वाटोळं होतं.”

नदीन डोळे पुसत हसली. “तुमचं काळीज मोठं, बाई! मी असते तर शिव्यांनी आंघोळ घातली असती त्याला.” मग तिची नजर कोपऱ्यात गेली. “आणि ही खोकी कधी भरलीत? निकाल तर आज सकाळी आला.”

“सवय गं. आधीच आवरून ठेवायची.”

नदीन बाहेर गेली तोच फोन वाजला.

“जेवलास का, बाबा?”

“सूप प्यायलो. पातेल्यातूनच.” आई गेल्यापासून त्यांनी ताट असं घेतलंच नव्हतं. “पट मांडलाय. तुझी खेळी.”

कोरीनने सोंगटी उचलली. तिकडून पट बाजूला सारल्याचा आवाज आला.

“काय झालं, बाबा?”

“गावभर चर्चा चाललीय, तो एक कोण म्हणून. चर्चमधल्या बायकांनी त्या दातांच्या डॉक्टरला धरलंय. बिचाऱ्याला पाय टाकील तिथे टोमणे!” त्यांनी घसा खाकरला. “कोरी, तो मी होतो गं. मतपत्रिकेवर तुझं नाव दिसलं आणि वाटलं, म्हणजे खासदारकीची आणखी दोन वर्षं हा पट मी एकट्यानेच मांडायचा. म्हटलं, माझ्या एकट्याच्या मताने असं काय होतंय? लाइललाच देऊन टाकलं. तुझं सगळं गेलं, पोरी, ते माझ्यामुळे.”

बाहेर नदीन फोनवर कुणाला तरी सांगत होती, जानेवारीपासून पगार बंद म्हणून. कोरीनने उठून दार लोटून घेतलं. हातातली सोंगटी तिने अजून खाली ठेवली नव्हती.

“बाबा, रडू नकोस,” ती हळूच म्हणाली. “त्या डॉक्टरची माफी आपण दोघांनी मिळून मागू. मीही लाइललाच मत दिलं होतं.”