कोपराची ढोसणी

यंत्रमागाच्या खडखडाटात उभा जन्म गेलेला अंबादास तोंडापेक्षा हातांच्या खुणांनीच बोलायचा. घरी आला की तेवढंही नाही. पण डोकं लावून काढलेला एखादा भव्य सिनेमा लागला, की बायकोला घेऊन पहिल्याच दिवशी हजर. "एका झटक्यात कळला, तर काढणाऱ्यानं आपल्याला येडं समजून काढलाय म्हणायचं," असं त्याचं मत. गोष्ट गुंतली की नागमणी त्याला कोपरानं ढोसायची. मग पडद्याच्या उजेडात त्याची बोटं भराभर नाचत तिला सगळा गुंता सोडवून द्यायची.

यंदा अंबादास वारला, आणि तो ज्याची वाट बघत होता तो सिनेमा महिन्याभरानं लागला. नागमणी लेकीला घेऊन गेली. तीन काळ एकमेकांत मिसळलेले. मध्यंतरात श्रावणी डोकं धरून बसली. नागमणीनं तिला सगळं उलगडून सांगितलं, शेवट काय होणार तेसुद्धा.

शेवट तसाच झाला.

"आई! मग नानांना सारखं काय विचारायचीस गं?"

नागमणीचे हात मांडीवर गप्प पडून होते.

"न विचारता ते माझ्याशी कधी बोललेत का गं?"